फाटलेला आवाज

बोरी अरबच्या एखाद्या लग्नमंडपात आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले, की कर्ण्यातून येणारे गाणे फाटते. असे का होते? ध्वनिवर्धक ठरावीक मर्यादेपलीकडे विद्युतदाब देऊ शकत नाही. त्यामुळे तरंगाचे माथे व तळ छाटले जातात, आणि छाटलेल्या तरंगात नवे स्वर मिसळतात. ११० हर्ट्झचा शुद्ध स्वर दोन्ही बाजूंनी सारखा छाटला, तर ३३०, ५५०, ७७० हर्ट्झ असे विषम पटींचे अधिस्वर उमटतात.

रॉक संगीतातील गिटारवादक हेच मुद्दाम करतो. त्याच्या पायाजवळच्या ‘ओव्हरड्राइव्ह पेडल’ नावाच्या डबीत बहुधा सिलिकॉनचे डायोड उलटसुलट जोडलेले असतात. सुमारे ०.६ व्होल्टला ते वाहू लागतात आणि तरंगाचा माथा दाबतात. माथा गोलसर राहिला, तर वरचे अधिस्वर क्षीण राहतात व आवाज भरदार वाटतो. तो सपाट झाला, तर कर्कशपणा वाढतो.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, तेव्हा मार्ग वेगळा असला तरी अधिस्वरच खुलवतात. घोडीवरचा दोरा काढून तार छेडून पाहा! एकाला तंबोरा आवडेल, दुसऱ्याला रॉक. आवड ज्याची त्याची. पण न आवडणाऱ्या आवाजाला गोंगाट म्हणण्यापूर्वी त्यात कोणते अधिस्वर आहेत, हे कान देऊन ऐका.