‘सोडणे’ या क्रियापदाचा कर्ता

‘मालकाने गड्याला सोडले.’ हे वाक्य फळ्यावर लिहिले की विद्यार्थी बिनचूक सांगतात, मालक कर्ता आणि गडी कर्म. व्याकरणाचे उत्तर बरोबर आहे. पण ज्याने बांधले तोच येथे सोडण्याचाही धनी झाला, आणि गडी सुटतानासुद्धा कर्मच राहिला, याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

माहीमच्या वाड्यांत झाडांना पाणी सोडतात, गोठ्यातली गुरे सोडतात, शेजारच्या सातपाटीला समुद्रात होडी सोडतात. नवरा बायकोला सोडतो तेही याच क्रियापदाने. मात्र तिथे अर्थ टाकून देण्याचा. ‘सोडलेली’ बाई मोकळी झाली, असे आपले गाव कधी म्हणत नाही.

माहीमच्या उत्तरेला, डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली माणूस सावकाराचा ‘लग्नगडी’ होई. बायकोही त्याच्याबरोबर राबे. कर्ज फिटले की नाही हे सावकार ठरवी. म्हणजे जमिनीबरोबर हे क्रियापदही त्याच्याच मालकीचे! १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी वेठ नाकारली, आणि जथ्याने सावकारांच्या दारी जाऊन लग्नगडी बाहेर आणले. त्यांनी ते ‘सोडवले’. या एका ‘व’ने कर्ता बदलतो, मालकाच्या जागी आपलाच भाऊबंद उभा राहतो.

बाबासाहेबांनी याच्याही पुढचे वाक्य दिले. १९२७ साली महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा म्हणून सांगितले. १९३५ साली येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. येथे बांधलेलाच कर्ता आणि बंधन हे कर्म.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदाही मालकाला कर्तेपद देत नाही. कायदा अमलात येताच प्रत्येक वेठबिगार मुक्त झाला व त्याचे वेठीचे कर्ज संपले, असे तो म्हणतो. मालकाची संमती विचारण्याचा प्रश्नच नाही. मुक्तीचा दाखला मात्र सरकारी अधिकाऱ्याच्या सहीने मिळतो, तेव्हा कर्तेपद पुन्हा कचेरीत जाऊन बसते. म्हणून गड्याचा जबाब लिहिला जात असताना कार्यकर्त्याने शब्दावर नजर ठेवावी. ‘मालकाने स्वखुशीने सोडले’ एवढे कागदावर उतरले, की बांधून ठेवल्याचा गुन्हा बाजूला पडतो आणि मालक दयाळू ठरतो. त्या जागी ‘मी काम सोडून आलो, मला जाऊ देत नव्हते’ हे गड्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत यायला हवे.