मशीन एक, बाया दोन

आज आपण ग्रास कटरबद्दल बोलणार आहोत. काही जणी त्याला ब्रश कटर म्हणतात, काही जणी नुसतं 'गवताचं मशीन' म्हणतात. खांद्याला पट्ट्याने अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं, लांब दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेलं ते मशीन.

पाऊस सरत आला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू होते. पूर्वी हे काम विळ्याने आणि कोयत्याने व्हायचं. आता बरेच बागायतदार मशीनच मागतात. म्हणून काही बचत गटांनी मशीन घेतलं आहे आणि बेणणीची कामं उक्ती धरायला सुरुवात केली आहे. काम चांगलं आहे, हंगामात पैसाही मिळतो. पण गटांच्या बैठकीत आम्ही बसलो की एक प्रश्न हमखास निघतो. बागेचा मालक म्हणतो, "मशीन एक आहे, मग बाया दोन कशाला? दुसरीची मजुरी मी का द्यायची?"

आज या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ. आपल्याला स्वतःला ते पटलं, तरच मालकाला पटवता येईल.

पातं कुठवर पोचतं?

विळा जिथे लागतो तिथेच कापतो. मशीनचं तसं नाही. दहा इंची पातं मिनिटाला सात हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. गवतात लपलेला खडा, काचेचा तुकडा, तुटकी तार या पात्याला लागली की बंदुकीच्या गोळीसारखी उडते. कुठल्या दिशेला उडेल ते सांगता येत नाही. म्हणून मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की चालवणारीच्या चारही बाजूंनी १५ मीटर, म्हणजे ५० फुटांच्या आत कोणीही नको. आपल्या पावलांनी मोजलं तर साधारण पंचवीस पावलं.

आता चालवणारीचं बघा. तिच्या कानाशी मोठा आवाज चालू आहे. नजर पात्यावर आहे. पाठीमागून शाळेतून येणारी पोरं आली, गुरं आली, मालक स्वतः "ताई, जरा इकडचंही घ्या" सांगायला आला, तरी तिला कळणार नाही. ती दांडा वळवते तेव्हा तिच्याबरोबर पातंही वळतं. ही पंचवीस पावलं मोकळी ठेवणं तिच्या एकटीच्या हातात नाही. ते काम दुसरीचं. तिला आपण जोडीदारीण म्हणू.

जोडीदारणीने या रिंगणाच्या बाहेर, चालवणारीला दिसेल अशा जागी उभं राहायचं. हातात काठी, काठीला लाल फडकं. कोणी आत येताना दिसलं की त्याला थांबवायचं आणि फडकं हलवायचं. फडकं दिसलं की चालवणारीने मशीन बंद करायचं. रेस सोडली तरी पातं काही वेळ फिरतच राहतं. ते पूर्ण थांबलेलं दिसल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. पाठीमागून जाऊन खांद्याला हात तर कधीच लावायचा नाही. ती दचकून वळली की पातं आपल्याच पायावर येतं.

कामाआधी जागा फिरून बघा

मशीन चालू करण्याआधी दोघींनी मिळून जागा पायी फिरायची. दगड, बाटल्या, जुनी काटेरी तार, ठिबकच्या नळ्या, तोडलेल्या झाडांचे खुंट बघायचे. उचलता येईल ते उचलायचं, बाकीच्याला खूण करायची. काठीने गवत आपटत चाललं म्हणजे जनावर असेल तर निघून जातं. गांधीलमाशीचं पोळं दिसलं तर ती जागा सोडून द्यायची.

कुठल्या जागी काय जोडायचं हेही तेव्हाच ठरवा. नुसतं गवत असेल आणि जवळ चिऱ्याचा गडगा, घर किंवा दगड असतील तर नायलॉनची दोरी लावा. दगडही तिच्याने उडतात, पण दोरी दगडावर तुटते, पात्यासारखा उलटा हिसका देत नाही. जाड गवताला आणि कोवळ्या झुडपाला तीन टोकांचं पातं. करवंदीसारख्या लाकडी जाळीला दाते असलेलं गोल पातं. नायलॉन संपलं म्हणून लोखंडी तार किंवा साखळी अडकवायची नाही. तिचा तुकडा तुटून उडाला तर जीव जाऊ शकतो. कलमांच्या बुंध्याजवळ हातभर जागा सोडा आणि तिथलं गवत विळ्यानेच काढा. नायलॉनसुद्धा कोवळ्या कलमाची साल सोलतं.

अंगावर काय हवं

शेतात आपण साडीवर जुना शर्ट घालतोच. मशीन चालवताना तेवढं पुरत नाही. पदर, ओढणी, साडीचा घोळ पात्याला किंवा फिरत्या दांड्याला गुंडाळू शकतो. जाड कापडाची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, केस वर बांधून त्यावर टोपी किंवा घट्ट रुमाल. मंगळसूत्र शर्टाच्या आत, बांगड्या काढलेल्या किंवा हातमोज्याच्या आत. पायात चप्पल नको, गमबूट किंवा जाड बूट हवेत. पिंडरीला जाड पट्ट्या बांधल्या तर आणखी बरं.

पँट घालायला काही जणींना संकोच वाटतो. काही घरांत सासूबाई किंवा नवरा नाक मुरडतात. याचा एक सोपा उपाय आहे. गटाने दोन जोड कपडे आणि दोन जोड बूट गटाच्या पैशातून घ्यावेत आणि मशीनबरोबरच ठेवावेत. मग तो कोणा एकीचा हट्ट राहत नाही, मशीनचा गणवेश होतो.

डोळ्यांना चष्मा हवाच. तोंडावरच्या जाळीतून बारीक कण आत येतात, म्हणून जाळी असली तरी आत चष्मा घालायचा. मशीनचा आवाज चालवणारीच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास असू शकतो. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन् तास ऐकला तर ऐकू येणं हळूहळू कमी होतं आणि ते परत येत नाही. कानात कापूस घालून भागत नाही. इयर प्लग किंवा कानावरचे मफ घ्या.

पेट्रोल आणि तेल

टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलात टू-टी तेल मिसळावं लागतं. प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं. ५०:१ लिहिलं असेल तर एक लिटरला २० मिलि, २५:१ असेल तर ४० मिलि. अंदाजाने ओतू नका, मापाचं झाकण ठेवा. तेल विसरलं तर इंजिन जाम होतं आणि दुरुस्तीचा खर्च गटाच्या हंगामाची कमाई खातो. फोर-स्ट्रोक मशीनचं तेल वेगळ्या जागी घालतात. त्याच्या पेट्रोलात काही मिसळायचं नाही. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवा.

पेट्रोल भरताना मशीन बंद आणि थोडं थंड झालेलं हवं. इंजिन तापलेलं असताना पेट्रोल सांडलं तर भडका उडतो. भरून झालं की सांडलेलं पुसा, आणि मशीन तिथून पाच-सहा पावलं दूर नेऊन मगच चालू करा. बंद खोलीत किंवा गोठ्यात मशीन चालू ठेवू नका. धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही.

आणि एक अगदी घरातली गोष्ट. मिसळलेलं पेट्रोल थंड पेयाच्या बाटलीत ठेवायची आपल्याकडे सवय आहे. रंगीत तेलामुळे ते सरबतासारखं दिसतं. लहान पोर तोंडाला लावेल. पेट्रोलसाठी वेगळा, घट्ट झाकणाचा कॅन ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो चुलीपासून, गॅसपासून लांब ठेवा. कोणी चुकून प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, लगेच दवाखान्यात न्या.

चालवताना

आधी मशीन नीट बघून घ्या. पातं तडकलेलं नाही ना, त्याचा नट घट्ट आहे ना. बऱ्याच मशीनमध्ये हा नट उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या उलट दिशेने फिरवल्यावर घट्ट होतो. पात्यावरचा गार्ड जागेवर आहे ना. गवत अडकतं म्हणून काही जण गार्ड काढून ठेवतात. तो आपल्या पायांसाठी आहे, तो काढायचा नाही. रेस सोडल्यावर पातं फिरायचं थांबलं पाहिजे. फिरतच राहत असेल तर मेकॅनिककडून नीट करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नका.

मशीन सपाट जमिनीवर ठेवून, पातं कशालाही न टेकता, डाव्या हाताने घट्ट धरून दोरी ओढा. पट्टा आपल्या उंचीप्रमाणे लावा, म्हणजे वजन कमरेवर येतं, हातावर नाही. पट्ट्याचा हूक झटक्यात कसा सोडायचा ते मशीन बंद असताना दोन-तीनदा करून बघा.

आता पात्याला घड्याळ समजा. आपल्या समोर १२, उजवीकडे ३, डावीकडे ९. वरून बघितलं तर पातं सहसा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. १२ ते ३ हा भाग खुंटाला किंवा दगडाला लागला की मशीन जोरात हिसका देतं आणि बाईला ओढत नेतं. म्हणून कापायचं ते डाव्या भागाने, साधारण ८ ते ११ च्या मध्ये, आणि दांडा उजवीकडून डावीकडे ओढत. पातं कमरेच्या वर न्यायचं नाही. उतारावर आडवं चालायचं. मागे सरकत कापायचं नाही.

गवत गुंडाळलं तर आधी मशीन बंद, पातं थांबलेलं, प्लगची टोपी काढलेली, मगच हातमोजा घालून हात लावायचा. रेस सोडली म्हणजे मशीन बंद झालं असं नाही.

टाकी संपली की दोघींनी अदलाबदल करा. मशीनलाही थंड व्हायला वेळ मिळतो, आपणही पाणी पितो. कंपनाने बोटांना मुंग्या येतात. काम थांबवल्यावरही मुंग्या राहिल्या किंवा बोटं पांढरी पडू लागली, तर काही दिवस मशीनला हात लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईने हे मशीन चालवू नये.

काही झालंच तर

जोडीदारणीच्या पिशवीत स्वच्छ कापड, पट्टी, पाणी आणि चार्ज केलेला फोन हवा. कापलं तर स्वच्छ कापड जखमेवर जोराने दाबून धरा. कापड भिजलं तर वरून दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. हळद, चुना, चहापूड काही भरू नका. डोळ्यात काही घुसलं असेल तर चोळू नका, उपसून काढू नका, अलगद झाकून दवाखान्यात न्या. १०८ वर फोन करा. बाग रस्त्यापासून आत असेल तर गाडी कुठवर येते ते सकाळीच बघून ठेवा. मोबाईलला रेंज कुठे मिळते तेही.

मालकाला काय सांगायचं

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एकटी बाई मशीन चालवत असताना तिला कापलं, तर तिच्या हाकेला कोण आहे? मालकाचाच नातू बागेत धावत आला, तर त्याला कोण अडवणार? जोडीदारीण बसून पैसे घेत नाही. ती रिंगण राखते, दगड वेचते, बुंध्याचं गवत काढते, पाळी आली की मशीन धरते. मशीन चालू असताना मात्र तिचं एकच काम, नजर ठेवणं. विळ्याची कामं मशीन बंद असताना.

भाव ठरवताना पेट्रोल, तेल, पात्याची झीज, मशीनची दुरुस्ती आणि दोघींची मजुरी असा एकच आकडा सांगा. दुसरीची मजुरी वेगळी सांगितली की ती कापली जाते. गटाच्या वहीत ठरावच लिहून ठेवा: जोडीदारणीशिवाय मशीन बाहेर जाणार नाही. मग मालकापुढे एकट्या बाईला वाद घालावा लागत नाही. "गटाचा ठराव आहे" एवढं तिने सांगितलं तरी पुरे.

एखादं काम त्यामुळे हातचं जाईल. जाऊ द्या. आपल्या गटात कर्जाला सगळ्या जणी एकमेकींच्या जामीन असतो. मशीनच्या बाबतीतही तसंच धरा.

पुढच्या बैठकीत मशीन समोर ठेवून, बंद असताना, या सगळ्या गोष्टी एकदा हाताळून बघा. पंचवीस पावलं मोजून बघा. काही अडलं तर आम्हाला विचारा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू. नमस्कार.