पोटाची नोकरी आणि डोळ्यांचा छंद

मुलाला नोकरी लागली की घराचा प्रश्न सुटला, असे आपण समजतो. पेढे वाटले जातात, विहारात वंदना होते, आई चार घरी सांगून येते. त्यात गैर काही नाही. ज्या घरात आजोबांनी गावकीची कामे केली, वडिलांनी गिरणीत नाही तर गोदीत अंग झिजवले, त्या घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण पाच-सात वर्षे गेली की त्याच घरात दुसरा प्रश्न डोके वर काढतो. मुलगा वेळेवर कामावर जातो, पगार आईच्या हातावर ठेवतो, पण त्याचे मन कामात नसते. तो अबोल होतो. सुट्टीच्या दिवशी कसले तरी सामान घेऊन कोपऱ्यात बसतो. घरचे म्हणतात, "याला काही कमी आहे का?"

अशी मुले आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. कोणी जुने रेडिओ खोलून बसतो, कोणी कॉम्प्युटरचे मोडके भाग जमवतो, कोणी तारे पाहण्यासाठी आपल्या हाताने दुर्बीण तयार करतो. आज या दुर्बीणवाल्याविषयी लिहायचे आहे. त्याचा छंद वरवर पाहता आपल्या घरांपासून फार लांबचा वाटतो, पण तसा तो नाही.

दिवस कारखान्याचा, रात्र आकाशाची

कल्याणच्या पलीकडे चाळीत राहणारा, एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीने काम करणारा असा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. पहाटेची लोकल, गेटवरची हजेरी, मग आठ तास एकच यंत्र आणि एकच भाग. आज जे केले तेच उद्या. साहेब फक्त नग मोजतो. बढतीची यादी लागते, तिच्यात याचे नाव नसते. नोकरी सोडावी तर धाकट्या बहिणीचे शिक्षण, वडिलांचे औषध आणि खोलीचे हप्ते आडवे येतात. आणि घरातला पहिलाच नोकरदार असला, तर त्याच्या पगारावर फक्त चूल चालत नाही, सगळ्या भावकीची आशा चालते.

असा मुलगा घरी आल्यावर काय करतो? सारख्या आकाराच्या काचेच्या दोन जाड चकत्या घेतो. त्यांच्यामध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून वरची चकती खालचीवर पुढे-मागे घासत राहतो. घासता घासता वरची काच मधोमध खोलगट होते, खालची फुगीर होते. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. हे काम आठवडेच्या आठवडे चालते. शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइड लावून काच चमकवायची. मग दिव्याचा बारीक ठिपका आणि दाढीचे ब्लेड घेऊन तिची परीक्षा करायची. ही रीत फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास शोधली. तिच्यामुळे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान चूकसुद्धा साध्या डोळ्याला दिसते. नंतर काचेवर अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवून घ्यायचा, की आरसा तयार. पीव्हीसीचा जाड पाइप आणि सुताराकडून आणलेल्या फळ्या, यांत तो बसवला की दुर्बीण उभी राहते.

शहराच्या झगझगाटात आकाशगंगा दिसत नाही. पण चंद्रावरची विवरे, शनीची कडी आणि गुरूचे चार मोठे चंद्र चाळीच्या गच्चीवरूनही दिसतात. १६१० साली गॅलिलिओने पाहिले ते हेच चार चंद्र. ज्याच्या हातचे काम कारखान्यात कोणी नावाने ओळखत नाही, त्याने स्वतः घासलेल्या काचेत ते दिसतात. त्या वेळी त्याला काय वाटत असेल, ते घरच्यांनी एकदा त्याच्या शेजारी उभे राहून समजून घ्यावे.

पियानोच्या कारखान्यातला कामगार

जपानमध्ये काओरू इकेया नावाचा एक कामगार होता. पियानो बनविणाऱ्या कारखान्यात तो नोकरीला होता. विद्यापीठाची पदवी नाही, वेधशाळेत ओळख नाही. त्याने घरीच आरसा घासून सुमारे आठ इंचांची दुर्बीण केली. पहाटे उठून तो आकाश धुंडाळी आणि मग कामावर जाई. २ जानेवारी १९६३ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला नवा धूमकेतू सापडला. त्या धूमकेतूला त्याचेच नाव मिळाले. सप्टेंबर १९६५ मध्ये इकेया आणि गिटार शिकविणारे त्सुतोमू सेकी या दोघांनी वेगवेगळ्या गावांतून, काही मिनिटांच्या अंतराने आणखी एक धूमकेतू शोधला. तो इतका तेजस्वी झाला की ऑक्टोबरात सूर्याजवळ असताना भर दिवसासुद्धा दिसला. पुढे दुर्बिणीचे आरसे करणे हेच इकेयांचे काम झाले. २००२ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांना पुन्हा एक धूमकेतू सापडला. १६६१ साली दिसलेलाच तो धूमकेतू परत आला होता, असे नंतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

ही गोष्ट वाचून कोणी लगेच राजीनामा खरडू नये. एका इकेयामागे असे हजारो आहेत, ज्यांना एकही धूमकेतू मिळाला नाही. लक्षात घ्यायचे ते वेगळेच आहे. धूमकेतू सापडला तेव्हा इकेया नोकरीतच होता. नोकरीने पोट सांभाळले, छंदाने बुद्धी जागती ठेवली. एकाने दुसऱ्याचा गळा दाबला नाही.

ग्रहणाचे दान

आता आपल्याकडे वळू. ग्रहण लागले की महार-मांगांनी गावात "दे दान, सुटे गिऱ्हाण" असे ओरडत फिरायचे आणि लोकांनी वरून जुने कपडे व धान्य टाकायचे, ही चाल महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत होती. राहू-केतू हीन जातीचे, म्हणून त्यांच्या वतीने दान घ्यायला हीन मानलेली माणसे, असा त्यामागचा हिशेब. आकाशातल्या सावलीचा भार जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यावर टाकला गेला होता.

वास्तविक सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवर पडते आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. यापलीकडे त्यात काही नाही. तरीही २४ ऑक्टोबर १९९५ रोजी महाराष्ट्रात सूर्यग्रहण खंडग्रास दिसले, तेव्हा कित्येक घरांची दारे-खिडक्या बंद होती. ज्यांच्या वाडवडिलांना ग्रहणात ओरडत फिरावे लागले, त्यांचाच नातू आज दुर्बीण लावून वस्तीतल्या पोरांना ती सावली दाखवतो. याला नुसती हौस कशी म्हणायची? (सूर्याकडे मात्र योग्य गाळणीशिवाय दुर्बिणीतून कधीही पाहू नये. डोळा कायमचा जातो.)

धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. म्हणजे, ये आणि स्वतः पाहा. कालामांनाही तथागतांनी हेच सांगितले, की परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले एवढ्यावरून काही खरे मानू नका. दुर्बिणीला डोळा लावणारा मुलगा हाच धडा हाताने गिरवीत असतो.

घरच्यांनी काय करावे

बाबासाहेब लहानपणी परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. त्याच खोलीत चूल, सामान आणि सगळे कुटुंब. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. खोली तेवढीच होती, पण बापाने तिच्यात मुलासाठी जागा केली. आपणही एवढे करू शकतो. पलंगाखालची एक पेटी त्याची म्हणून ठेवावी. तिच्यातले सामान भंगारात देऊ नये. पाहुण्यांसमोर "आमचा वेडा" म्हणून त्याची थट्टा करू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत छंद नवऱ्याचा आणि जागरण बायकोचे, असे होते. दिवसभर तीही राबलेली असते. रविवारचा अख्खा दिवस काच घासण्यात गेला, तर पाणी कोण भरणार आणि मुलांचा अभ्यास कोण घेणार? म्हणून छंदाचे तास आणि खर्च दोघांनी बसून ठरवावेत. किराण्याच्या पैशाला हात लावू नये. आणि दुर्बिणीला पहिला डोळा बायकोने व मुलीने लावावा. ज्या घरात छंद सगळ्यांचा होतो, तिथे भांडण कमी होते.

त्याने स्वतः काय करावे

छंद ही लपण्याची जागा होऊ देऊ नये. बढती अन्यायाने डावलली असेल तर अर्ज करावा, युनियनमध्ये बोलावे. खात्याची परीक्षा असेल तर तिला बसावे. "मला काय, माझे तारे आहेत" म्हणून हक्क सोडणारा माणूस बाबासाहेबांच्या मार्गाने चालत नाही. रागाच्या भरात नोकरी सोडणे तर आणखी वाईट. आधी हाताला दुसरे काम, मग राजीनामा.

छंदातून हाताला जे कसब आले, त्याला कागदाचा आधारही द्यावा. आरसा घासणाऱ्याला अचूक मापाचे काम येते, यंत्र जुळवता येते. आयटीआयचा, संध्याकाळचा किंवा मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम करून तेच कसब नोकरीच्या अर्जात लिहिता येते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, ते याच विचाराने.

तिसरे, एकटे राहू नये. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठी काम करीत आली आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे, वरळीला नेहरू तारांगण आहे. पुण्याच्या आयुकाने दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. अशा ठिकाणी कोणाचा पगार किती, हे विचारले जात नाही. शिवाय हौशी माणसाने केलेल्या नोंदी शास्त्राच्याही उपयोगी पडतात. ज्यांचे तेज कमी-जास्त होते, अशा रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी जगभरचे कारकून, शिक्षक आणि कामगार वर्षानुवर्षे ठेवीत आले आहेत आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. कारखान्यात ज्याच्या मताला किंमत नाही, त्याच्या वहीला तिथे किंमत आहे.

विहारांच्या कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. आपण व्याख्याने ठेवतो, वधू-वर मेळावे घेतो. वर्षातून चार वेळा संध्याकाळच्या वंदनेनंतर विहाराच्या अंगणात दुर्बीण लावायला काय हरकत आहे? पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो. शुद्ध अष्टमीच्या आसपास विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हाचा दिवस निवडावा. वस्तीतल्या त्या अबोल तरुणाला बोलवावे, मुलांची रांग लावावी आणि त्याला समजावून सांगू द्यावे. सोमवारी तो पुन्हा त्याच गेटमधून आत जाईल, त्याच यंत्रापुढे उभा राहील. पण वस्तीतली पोरे त्याला सर म्हणू लागतील, आणि त्यांतल्या एखाद्याला काच घासायला शिकायचे असेल. त्याला शिकविण्याचे काम तरी कोणाच्या बढतीच्या यादीवर अडून राहत नाही.