तळहाताएवढ्या माशासाठी दोरा

गळाने मासे धरायला निघालेला माणूस आधी काठी बघतो, मग रीळ, आणि सगळ्यात शेवटी दोरा. दुकानात दोऱ्याबद्दल तो एकच गोष्ट विचारतो, "किती किलो उचलतो?" नांदेड-लातूरच्या पाण्यात आपण ज्या माशांच्या मागे असतो, त्यांच्यासाठी या प्रश्नाचा उपयोग फार थोडा आहे. विष्णुपुरीच्या जलाशयात, आसना नदीच्या डोहात, कंधारच्या राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागरात किंवा लातूरजवळच्या नागझरी आणि साईच्या बंधाऱ्यांवर हलक्या काठीला लागतात ते मासे म्हणजे चिलापी, शिंगटी आणि रुपेरी खवल्यांचे छोटे मासे. बहुतेक पाव किलोच्या आतले, तळहातावर मावणारे. पाण्यात माशाचं वजन जवळपास जाणवतच नाही, जाणवते ती त्याची धडपड. ती पेलायला दोन किलोचा दोरा पुरून उरतो.

तरीही काठाकाठाने चक्कर मारली तर निम्म्याहून जास्त काठ्यांना 0.40 मिलिमीटरचा जाड तंगूस दिसतो. कारण समजण्यासारखं आहे. एखाद दिवशी मोठा कटला लागेल, ही आशा प्रत्येकाला असते. पण त्या एका दिवसासाठी बाकीचे सगळे दिवस माशांना आपला दोरा आधी कळतो आणि आमिष नंतर.

यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. दोऱ्याची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. 0.20 च्या जागी 0.40 घेतला की ताकद चौपट होते, इथपर्यंत फायदाच दिसतो. पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. जाडी दुप्पट झाली की दोरा सोळापट ताठ होतो. रिळावर पडलेली वेटोळी तो पाण्यातही सोडत नाही, आणि आमिष पाण्याबरोबर मोकळं हलायच्या ऐवजी दोऱ्याच्या मर्जीने हलतं.

चिलापी आमिष कसं घेते, हे एकदा निवळ पाण्यात जवळून बघावं. ती गांडुळावर झडप घालत नाही. समोर येऊन थांबते, तोंड उघडते, आणि पाण्याबरोबर आमिष आत ओढलं जातं. दोरा मऊ असेल तर गांडूळ सहज आत जातं. दोरा ताठ असेल तर आमिष अर्ध्यावर अडतं, मासा ते फुंकून बाहेर टाकतो आणि वळतो. वर तरंगा नुसता थरथरतो, आणि आपण म्हणतो, "मासे खाऊन जातात, लागत नाहीत." दोरा बारीक आणि शिशाचा मणी हलका असेल तर तरंगा वेगळंच सांगतो. चिलापीने आमिष तोंडात घेऊन किंचित वर उचललं की मण्याचं वजन निघून जातं, आणि उभा तरंगा पाण्यावर आडवा पडतो. तो बुडायची वाट बघायची नसते. आडवा पडला की मनगट उचलायचं.

विष्णुपुरीच्या काठावर आयुष्य घालवलेले एक भोई काका एका कॉलेजच्या पोराला सांगत होते, ते मी शेजारी बसून ऐकलं. "कामून एवढा जाड दोरा लावलास बाबा? दोरा मासा वढायला नस्तो. चारा त्याच्या तोंडापस्तोर न्यायला अस्तो. वढायला काठी हाय की." दोऱ्याच्या निवडीबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. लवचीक काठी पूर्ण वाकू दिली की माशाचा धक्का ती पिते, दोऱ्यावर फार थोडा येतो.

मग घ्यायचा कोणता? बिनारिळाच्या साध्या बांबूच्या काठीला 0.16 ते 0.18 मिलिमीटरचा नायलॉनचा तंगूस, आणि गळाला बांधायचा शेवटचा वीतभर तुकडा त्याहून एक पायरी बारीक, 0.14 चा. हा तुकडा वेगळा ठेवण्यात शहाणपण आहे. गळ कशात अडकला तर तेवढाच तुटतो, तरंगा आणि मणी वाचतात. हलक्या रिळावर फेकून मासेमारी करायची असेल तर 0.18 ते 0.20 पुरे.

नायलॉन थोडा ताणला जातो, आणि लहान माशांसाठी हा ताणच त्याचा मोठा गुण ठरतो. चिलापीच्या ओठाचं कातडं पातळ असतं. अचानक हिसका बसला तर गळ कातडं फाडून निघतो, ताणणारा दोरा तो हिसका बोथट करतो. हल्ली दुकानात विणीचा दोरा सर्रास मिळतो. पॉलिइथिलीनच्या अतिबारीक तंतूंचा हा दोरा त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी मजबूत असतो, जवळजवळ ताणत नाही आणि पाण्यावर तरंगतो. जलपर्णीच्या झुडपातून मरळ ओढून काढायला त्याच्यासारखा दोरा नाही. पण आखूड काठीवर, तळहाताएवढ्या माशाला, तो फार कठोर पडतो. तिसरा प्रकार फ्लुरोकार्बन. तो पाण्यात कमी दिसतो, नायलॉनपेक्षा जड असल्याने लवकर बुडतो, पण ताठही असतो. निवळ पाण्यात गळाजवळच्या तुकड्यापुरता तो वापरावा. अख्खं रीळ भरायची गरज नाही.

आपल्याकडे ही निवड ऋतूवरही अवलंबून असते. पावसाळ्यात काळ्या मातीचं पाणी नदीत उतरतं आणि गोदावरी इतकी गढूळ होते की दोऱ्याचा रंग बघण्यात अर्थ राहत नाही. तेव्हा वाहून आलेल्या काड्या-काटक्यांचा विचार करून 0.20 घ्यावा. दिवाळीनंतर पाणी निवळतं, मासा सावध होतो, आणि 0.14 चा तुकडा खरी कामगिरी करतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की प्रश्न खडकांचा. बेसॉल्टच्या कडेवर बारीक दोरा घासला की त्याचं आयुष्य संपतं. 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. जलाशयाचा असा तळ उघडा पडतो, तेव्हा बाभळीचे खुंट, दगड, जुन्या जाळ्यांची लक्तरं दिसतात. दोरा कुठे तुटतो ते तिथे कळतं. अशा जागी दोन पायऱ्या जाड दोरा घ्यावा, किंवा सरळ जागा बदलावी. मला दुसरा मार्ग जास्त पटतो.

नायलॉनचा शोध 1935 मधला, अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेतला. त्याआधी घोड्याच्या शेपटीचे केस, सूत आणि रेशीम यांवर जगभरची गळमासेमारी चालायची. गळाजवळच्या तुकड्यासाठी रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून तात काढत, आणि ती आधी पाण्यात भिजवून मऊ करावी लागे. बारीक, मऊ आणि तरीही मजबूत दोऱ्यासाठी लोक एवढे कष्ट घेत. आज तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

मिळतो म्हणून तपासणी सोडू नये. मी रिळावरून हातभर दोरा काढून अंगठ्याच्या नखावरून हळू ओढतो. कुठे खरखर लागली तर तेवढा भाग कापायचा. मग दोन्ही हातांत धरून सावकाश ताणतो. चांगला तंगूस ताणून सोडला की सरळ होतो. उन्हाने खाल्लेला दोरा पांढुरका दिसतो आणि कट्कन तुटतो. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेला नायलॉन फार टिकत नाही. रीळ घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावं.

शेवटी गाठ. गळाच्या डोळ्यातून दोरा ओवून त्याचे पाच-सहा पीळ द्यायचे, टोक पहिल्या फटीतून काढून तयार झालेल्या फासातून परत घ्यायचं, आणि आवळण्याआधी गाठ ओली करायची. कोरडी गाठ ओढली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतो. पीळ एकमेकांना खेटून ओळीने बसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यावर चढला तर गाठ कापून पुन्हा बांधावी. दोरा तुटला म्हणून तक्रार होते, त्यातली बरीचशी या गाठीची असते.

दोन गोष्टी दोऱ्याइतक्याच महत्त्वाच्या. जलाशय आणि तलावांचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यात सोडलेलं मत्स्यबीज त्यांच्या पैशाचं आणि पोटाचं आहे, म्हणून विचारूनच गळ टाकावा. आणि नायलॉन कुजत नाही. जितका बारीक, तितका तो गवतात दिसेनासा होतो, आणि पाणकावळ्याच्या, बगळ्याच्या पायात, कासवाच्या मानेत अडकतो. तुटलेला प्रत्येक तुकडा खिशात घालावा, घरी नेऊन बारीक कापावा आणि मगच टाकावा. बारीक दोरा वापरायचा, तर तो गोळा करून परत न्यायची जबाबदारीही घ्यायची. ज्याला हे जमणार नाही, त्याने नदीवर बारीक दोरा नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.