कोकराच्या पायाचा चाकू

चाकू हा शब्द कानी पडला की आजच्या शहरी माणसाच्या मनात प्रथम विचार येतो तो गुन्हेगारीचा. परंतु फार जुनी नव्हे अशी एक वेळ होती, की खिशात चाकू बाळगणे ही सभ्य माणसाच्या नीटनेटकेपणाची खूण मानली जाई. आपल्याकडे बोरूची लेखणी तासावयास चाकू लागे. इंग्लंडात पिसाची लेखणी असे, आणि तिचे टोक करण्यासाठी जो लहानसा चाकू वापरीत त्यालाच तेथे ‘पेनचा चाकू’ असे नाव पडले. बोरू गेला, पीस गेले. तथापि ते नाव मात्र इंग्रजीत अद्याप टिकून आहे.

अशाच एका टिकून राहिलेल्या वस्तूची ओळख मला येथे करून द्यावयाची आहे. तिला इंग्रजीत ‘लॅम्ब्सफूट’ म्हणतात. म्हणजे कोकराचा पाय. नाव पात्याच्या आकारावरून पडलेले आहे. इंग्लंडच्या उत्तर भागातील शेफील्ड या शहरात हा चाकू पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला. आज ब्रिटनमध्ये, अमेरिकेत आणि इतरत्रही असे काही शौकीन आहेत, की जे हा चाकू रोज खिशात घेऊन घराबाहेर पडतात, त्याचे जुने नमुने जमवितात आणि दोन चाकूंमधील सुताएवढ्या फरकावर तासन्‌तास बोलू शकतात. एका साध्या, शेतकऱ्याच्या, स्वस्त चाकूवर एवढा जीव का जडावा, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही.

प्रथम त्याचा आकार डोळ्यांपुढे आणू या. नेहमीच्या चाकूची धार टोकाकडे वर वळते आणि पाठ बहुधा सरळ असते. येथे उलट आहे. धार मुठीपासून टोकापर्यंत पट्टीने आखावी तशी सरळ जाते. पाठ मात्र हळूहळू धारेकडे उतरत येते आणि शेवटी तिरपी होऊन धारेला मिळते. याचा थोरला भाऊ म्हणजे ‘शीप्सफूट’, मेंढीचा पाय. त्याचे पाते रुंद, आणि पाठ अगदी शेवटी एकदम गोलाई घेऊन खाली येते. तो खलाशांचा चाकू. डोलणाऱ्या डेकवर दोर कापताना टोक कोणाच्या अंगात घुसू नये, हा त्या बोथट टोकाचा हेतू. कोकराचा पाय हा त्यापेक्षा सडपातळ व निमुळता, आणि तो विशेषेकरून मेंढपाळांचा, माळ्यांचा व शेतकऱ्यांचा.

ओलसर कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांची खुरे वाढतात, त्यांत चिखल साचतो आणि पुढे खुरे कुजण्याचा रोग जडतो. मेंढीला पाठीवर उताणी पाडून, तिचा पाय गुडघ्यांत धरून, वाढलेले खूर छाटावयाचे, हे तेथील मेंढपाळांचे नित्याचे काम. या कामाला सरळ धार हवी आणि आतल्या नाजूक मांसाला इजा होणार नाही असे, पुढे न उठणारे टोक हवे. सरळ धारेचा आणखी एक फायदा असा, की ती सहाणेवर एकदम सबंध टेकते. बांधावरच्या दगडावर चार हात फिरविले की चाकू पुन्हा तयार. वळणदार पाते पाजवावयास जे कौशल्य लागते, ते येथे लागत नाही. कातडी सोलावयास मात्र हे पाते निरुपयोगी. त्यासाठी धारेला पोट लागते, आणि ते याला नाही.

आता शेफील्डकडे वळू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने एका गिरणीवाल्याचे वर्णन करताना त्याच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू खोचलेला दाखविला आहे. म्हणजे त्या काळीही हे नाव ओळखीचे होते. पाच लहान नद्या या डोंगराळ मुलखातून वेगाने उतरतात. त्यांच्या पाण्यावर चक्रे फिरत, आणि त्या चक्रांवर दगड फिरत. दगडही जवळच्या डोंगरांत मिळे. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथील चाकू-सुऱ्या करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला आणि कारागिरांच्या खुणा नोंदविण्याची व्यवस्था त्याच्याकडे आली. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्‌समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळविण्याची रीत शोधून काढली. त्याला हवे होते घड्याळाच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद. लाभ झाला तो मात्र साऱ्या गावाला. पुढे १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद याच शहरात तयार केले.

शेफील्डचा मोठेपणा कारखान्यांच्या धुराड्यांत जितका आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, एकेका खोलीत काम करणाऱ्या स्वतंत्र कारागिरांत आहे. त्यांना तेथील बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणत. आपण ‘लहान उस्ताद’ म्हणू. एकजण पाते घडवी, दुसरा ते दगडावर घासून धार आणी, तिसरा मूठ बसवून चाकू जुळवी. पाते तापवून ऐरणीवर ओढून काढावयाचे, लाल करून त्याला पाणी द्यावयाचे, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावयाचा. हा बेत डोळ्यांनी, पोलादावर चढणाऱ्या रंगावरून ओळखावयाचा. जुळणी करणारा छातीवर फळी बांधून कमानीने सामता फिरवी, पितळी पत्र्यांना भोके पाडी, खिळे ठोकून त्यांची डोकी अशी घाशी की ती शोधूनही सापडू नयेत.

या चाकूत खटका नसतो, हे लक्षात ठेवावयास हवे. आपल्याकडील रामपुरी चाकूचे पाते उघडले की अडकून बसते. शेफील्डच्या या चाकूत पाठीमागे पोलादी कमान असते. तिच्या दाबाने पाते उघडे राहते आणि तिच्याच दाबाने मिटलेले राहते. कमान फार ताठ झाली तर नख मोडते, सैल झाली तर पाते बोटावर मिटते. हा तोल साधणे ही जुळणी करणाऱ्याची खरी परीक्षा. शौकीन मंडळी चाकू हाती येताच प्रथम तो उघडून आणि मिटून पाहतात. तो कसा ‘चालतो’ आणि कसा ‘बोलतो’, असा त्यांचा शब्दप्रयोग आहे. चालणे म्हणजे पात्याची गती. बोलणे म्हणजे ते जागेवर बसताना होणारा ‘खट्’ असा स्वच्छ आवाज. ज्यांनी मृदंग घेण्यापूर्वी त्यावर थाप मारून पाहणारा माणूस पाहिला असेल, त्यांना या परीक्षेचे नवल वाटणार नाही.

या कारागिरीची किंमत माणसांनी मोजली, हेही सांगितले पाहिजे. दगडावर पाते घासणारा कारागीर फिरत्या दगडामागे लाकडी घोडीवर बसे आणि त्यावर ओणवून काम करी. दगडाची व पोलादाची धूळ छातीत जाई. जेथे कोरड्या दगडावर काम चाले तेथील कित्येकजण चाळिशी गाठण्यापूर्वीच मरत. कधी दगडच फुटे, आणि समोर बसलेला माणूस जागच्या जागी संपे. स्त्रिया चमक आणण्याचे काम करीत. त्या डोक्याला रुमाल बांधीत आणि कपडे खराब होऊ नयेत म्हणून अंगाला तपकिरी कागद गुंडाळीत. मजुरांच्या संघटना आणि संघाबाहेरचे कारागीर यांच्यातील झगडे १८६० नंतर इतके विकोपाला गेले की घरे दारूने उडविण्यापर्यंत मजल गेली आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. जुन्या चाकूच्या सौंदर्यावर लिहिणारे पुष्कळदा हा भाग गाळतात. तो गाळणे मला बरे वाटत नाही.

हिंदुस्थानशी या चाकूचा संबंध दोन बाजूंनी आला. जोसेफ रॉजर्स या पेढीचे नाव एकोणिसाव्या शतकात जगभर झाले; तारा आणि माल्टाचा क्रूस ही तिची खूण. तिच्या कचेऱ्या मुंबईत आणि कलकत्त्यातही होत्या. हा झाला येणारा माल. जाणारा माल म्हणजे शिंग. आपल्या म्हशींचे काळे शिंग आणि आपल्या जंगलांतील सांबरांची गळून पडलेली शिंगे जहाजांनी इंग्लंडला जात. शिंग ऊब देऊन मऊ करीत, दाबून सपाट करीत आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना बसवीत. सांबरशिंगाची खरखरीत साल हाताला पकड देते, म्हणून तिला मोठी मागणी असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारताने वन्यजीवांच्या रक्षणासाठी सांबरशिंगांची निर्यात बंद केली, ते योग्यच झाले. त्यामुळे आज एखाद्या इंग्रज शौकिनाच्या हातात जुन्या सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू असला तर त्याला तो हात लावताना जपावेसे वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा झपाट्याने ओसरला. स्वस्त परदेशी माल आला, न गंजणारे पोलाद रूढ झाले, आणि पँटच्या खिशात चाकूची गरजच उरली नाही. रॉजर्स आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी वॉस्टनहोम या दोन पेढ्या १९७१ साली एकत्र आल्या. स्वतंत्र उद्योग म्हणून त्यांचे दिवस तेव्हाच भरले होते. कारागीर म्हातारे झाले, उमेदवार येईनात. स्टॅन शॉ हे शेफील्डचे नामांकित लहान उस्ताद. ते किशोरवयात इबर्सन या पेढीत शिकावयास गेले आणि नव्वदीपर्यंत चाकू करीत राहिले. गिऱ्हाइकांना त्यांच्या चाकूसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. २०१७ मध्ये त्यांना राजसन्मान मिळाला. २०२१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या हातातले कसब पुस्तकात उतरवून ठेवता येण्यासारखे नव्हते.

अशा वेळी शौकिनांचे महत्त्व ध्यानात येते. संग्राहक दोन प्रकारचे असतात. एक वस्तू काचेत ठेवतो. शेफील्डमध्ये हत्यारांचे दुकान चालविणारे केन हॉली यांनी आयुष्यभर तेथील हत्यारे, सुऱ्या, नमुन्यांची पत्रके, अर्धवट घडलेले तुकडेसुद्धा जमविले. तो संग्रह आज केलम आयलंड येथील संग्रहालयात आहे. अर्धवट तुकडे जमविण्यात त्यांची दृष्टी दिसते, कारण पूर्ण झालेला चाकू आपण कसा झालो हे सांगत नाही. हॉली २०१४ मध्ये वारले. असे काम कोणीतरी करावयास हवे होते.

दुसऱ्या प्रकारचा शौकीन वस्तू वापरतो. कोकराच्या पायाचा चाहता बहुधा या पंथाचा असतो. तो त्या चाकूने सफरचंद कापतो, चीज कापतो, पाकिटे फोडतो, बागेत दोरा तोडतो. जुन्या कार्बन पोलादाच्या पात्यावर फळांच्या आम्लाने निळसर, करडी, काळपट छटा चढत जाते. कैरी चिरल्यावर आपल्या विळीचे पाते कसे काळवंडते, ते आठवावे. आपल्या घरात ते घासून टाकतात. हा शौकीन मात्र त्या छटेला जपतो, कारण ती छटा म्हणजे त्याच्या दिवसांची नोंद असते. काहीजण कांदा किंवा मोहरीची चटणी लावून ती मुद्दाम आणतात. पक्के चाहते त्यांच्याकडे, उसन्या पांढऱ्या केसांकडे पाहावे तसे पाहतात. ही मंडळी एकमेकांना चाकू भेट देतात, आणि घेणारा त्याबद्दल एक नाणे परत करतो. चाकूने मैत्री तुटते अशी जुनी इंग्रजी समजूत आहे. नाणे दिले की ती भेट राहत नाही, खरेदी होते, आणि मैत्री शाबूत राहते.

कायद्यानेही त्यांच्यासाठी एक अरुंद वाट ठेवलेली आहे. ब्रिटनमध्ये चाकूहल्ले हा गंभीर प्रश्न आहे आणि त्याबाबत लोकमत तीव्र आहे. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याने सार्वजनिक जागी धारदार वस्तू सबळ कारणाशिवाय बाळगणे हा इंग्लंड व वेल्समध्ये गुन्हा ठरविला. मात्र जो चाकू मिटतो आणि ज्याची धार तीन इंचांहून लांब नाही, त्याला अपवाद केला. पाते उघडल्यावर अडकून बसणारा चाकू या अपवादात येत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. कोकराच्या पायाचा नेहमीच्या मापाचा चाकू मिटतो, त्याला खटका नसतो, आणि त्याची धार बहुधा तीन इंचांच्या आत असते. शंभर वर्षांपूर्वी मेंढपाळाच्या सोयीसाठी ठरलेले माप आजच्या कायद्याच्या मापात असे अलगद बसले.

आणखी एक विचित्र गोष्ट घडली आहे. ज्या कामाशी या चाकूचे नाव जोडले गेले, ते कामच आता टाळावे असे पशुवैद्य सांगतात. वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१० च्या सुमारास दाखवून दिले, की खुराचा रोग झालेल्या मेंढीचे खूर छाटले तर ती लवकर बरी होण्याऐवजी उशिरा बरी होते. वेळीच औषध देणे हाच खरा उपाय. पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण असे एका प्रयोगाने मागे पडले. चाकूचे मूळ प्रयोजन गेले, पण चाकू गेला नाही. शेफील्डमध्ये आजही मोजक्या कार्यशाळांत तो तयार होतो, आणि त्याच्या गिऱ्हाइकांत असे पुष्कळजण आहेत ज्यांनी आयुष्यात एकाही मेंढीचा पाय हातात धरलेला नाही. ते पत्र लिहून विचारतात, की मूठ म्हशीच्या शिंगाची मिळेल की शिसवीची, पात्याची पाठ थोडी अधिक उतरती करता येईल का, आणि कमान जरा ताठ ठेवाल का. कारागीर उत्तर देतो, की वेळ लागेल.