अर्जातील निबंधाचा विषय

पैनगंगेकाठच्या मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन प्रवेश म्हणजे गुणपत्रिका, दाखला आणि शुल्क, एवढाच हिशेब वर्षानुवर्षे होता. आता परदेशी विद्यापीठे आणि देशातील काही संस्था गुणांबरोबर अर्जदाराचा स्वतःविषयीचा निबंधही मागतात. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात त्याची कमाल मर्यादा ६५० शब्दांची आहे. विद्यार्थ्याची खरी अडचण मात्र शब्दांची नसून विषयाची असते.

ही अडचण अकारण उद्‌भवलेली नाही. शाळेत निबंधाचा विषय शिक्षक देतात आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मार्गदर्शकातून पाठ होतो. अशा शिक्षणातून आलेला विद्यार्थी स्वतःविषयी लिहिण्याची वेळ आली की बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर तो जवळच्या लोणार सरोवरासारखा भव्य विषय घेतो; मग उल्कापात, बेसॉल्टचा खडक आणि २०२० मध्ये लाभलेला रामसर दर्जा यांची माहिती येते, लिहिणारा मात्र कोठेच दिसत नाही. नाही तर तो दारिद्र्याचे चित्र रंगवितो. नापिकी आणि कर्ज ही दुःखे खरीच. परंतु ती असंख्य घरांची आहेत. त्यांनी वाचणारा हेलावतो, पण अर्जदार कोण हे त्याला कळत नाही.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला संकेतांचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. जी खूण कोणालाही सारख्याच खर्चात मिळविता येते, तिच्यावरून दोन माणसांतील फरक ओळखता येत नाही. भारदस्त शब्द आणि करुण प्रसंग आज सल्लागाराकडून विकत मिळतात. स्वतः घेतलेल्या निर्णयाचा तपशील तसा सहज मिळत नाही. सोयाबीन काढताच विकावे की भाव चढेपर्यंत घरात ठेवावे, या वादात बारावीतील मुलीने बाजार समितीतील भाव वहीत टिपून वडिलांना काय सांगितले, तिचा अंदाज चुकला तेव्हा घराने काय सोसले आणि पुढच्या हंगामात तिने काय बदलले, हा खरा विषय होय. त्यात दारिद्र्य लपत नाही. पण त्याच्यापलीकडे विचार करणारे माणूस दिसते.

लोणार तालुक्यातील पिंप्री खंदारे येथील शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे यांना २०२१ मध्ये ब्रिटिश शासनाची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या अर्जात नेतृत्व, लोकसंपर्क, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढील योजना यांविषयी विचारले जाई. हे सारे प्रश्न कृतीचे आहेत, परिस्थितीचे नव्हेत. केंद्रे यांनी स्थापन केलेली एकलव्य संस्था पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी मार्गदर्शन करते.

असे निबंध सधन, इंग्रजी जाणणाऱ्या मुलांच्या सोयीचे आहेत, हा आक्षेप निराधार नाही. पण निबंध टळत नसेल, तर ती विषमता कमी करणे महाविद्यालयांच्या हाती आहे. वर्षातून एकदा तरी विषय न देता निबंध लिहवून घ्यावा, तोही आधी मराठीत. आणि प्राध्यापकाने तो वाचून ‘यात तू काय केलेस?’ एवढेच विचारावे. या प्रश्नाला शुल्क पडत नाही. तो न विचारल्याची किंमत मात्र विद्यार्थ्याला मोजावी लागते.