हुद्द्यांची उतरंड – लेखांक ५ : मॅनेजिंग डायरेक्टर, पण कुठला?

कंपनीतली उतरंड कशी रचली जाते, हे गेल्या लेखांकात पाहिलं. आज एकच हुद्दा तीन ठिकाणी तपासू. मुंबईत मुख्यालय असलेल्या दोन बँका घ्या. एचडीएफसी बँकेत मॅनेजिंग डायरेक्टर हाच मुख्य कार्यकारी अधिकारी असतो. रोजच्या कारभारात त्याच्या वर कुणी नाही. स्टेट बँकेत सर्वोच्च पद अध्यक्षांचं, आणि मॅनेजिंग डायरेक्टर त्यांच्या हाताखाली, तेही एकाहून अधिक. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने तर २०२३ मध्ये एकाच वेळी ६०८ जणांना मॅनेजिंग डायरेक्टर केलं. तिथे अॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट अशा पायऱ्या चढून हा हुद्दा मिळतो आणि त्यासाठी संचालक मंडळावर असावं लागत नाही. याउलट आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे कारभाराचे भरीव अधिकार सोपवलेला संचालक. अर्थात, हुद्दा कळायचा तर त्याच्या वर कोण, खाली कोण आणि शेजारी किती, हे आधी कळायला हवं.

हा फरक निव्वळ मानापमानाचा असता, तर त्यावर लेख खर्ची घालायचं कारण नव्हतं. पण हुद्द्यामागे पैसा आणि हक्क असतात. अमेरिकेत ठरावीक पगाराच्या वर असलेल्या व्यवस्थापकीय कर्मचाऱ्याला ओव्हरटाइम देण्याची सक्ती नाही. ही मर्यादा आठवड्याला ४५५ डॉलर होती, तेव्हाच्या नोकरीच्या जाहिरातींचा अभ्यास तिथल्या अर्थतज्ज्ञांनी केला. मर्यादेच्या जेमतेम वर पगार असलेल्या जागांमध्ये ‘मॅनेजर’ छापाचे हुद्दे एकदम वाढलेले आढळले. स्वागतकक्षातल्या सहायकाच्या कामालाही ‘डायरेक्टर’ म्हटलेलं होतं. आपल्याकडेही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकीय कामावर असलेल्याला ‘कामगार’ या व्याख्येबाहेर ठेवलं. म्हणूनच १९८५ च्या सिबा-गायगी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धरलेली कसोटी महत्त्वाची: हुद्दा काय लिहिला आहे ते नव्हे, तर त्या माणसाचं मुख्य काम काय, ते पाहायचं.

यावर कुणी म्हणेल, मग सगळीकडे हुद्दे सारखेच का करू नयेत? पण हजारो कर्मचाऱ्यांची बँक आणि वीस जणांची नवी कंपनी यांत कामाची वाटणीच वेगळी. नाव एक केलं तरी जबाबदारी एक होणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठ्या हुद्द्यामुळे ग्राहक विश्वासाने बोलतो, कर्मचाऱ्यालाही हुरूप येतो. हे खरंच आहे, आणि अधिकारही सोबत दिला असेल तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पगारवाढीच्या किंवा हक्काच्या बदल्यात नुसतं नाव देणं. म्हणून नवी नोकरी स्वीकारताना चार गोष्टी विचाराव्यात: मी कुणाला उत्तरदायी, माझ्या सहीने किती रकमेपर्यंतचा खर्च मंजूर होतो, माणसं नेमण्याचा अधिकार मला आहे का, आणि याच हुद्द्याची आणखी किती माणसं इथे आहेत. उत्तरं देताना कंपनी घुटमळली, तर त्या हुद्द्याखातर पगारावर पाणी सोडू नये. पगाराची श्रेणी आणि हुद्दा यांचं नातं पुढच्या आठवड्यात पाहू.